बाल्कनीतली उभी शेती: पहिली चोवीस भोकं

शनिवारी सकाळी आम्ही साताऱ्याला लग्नाला गेलो आणि रविवारी रात्री परतलो. बाल्कनीचं दार उघडलं तर पाइपांत मातीविना, पाण्यावर वाढवलेली लेट्यूसची बहात्तर रोपं माना टाकून पडलेली. दुपारी साडेचार तास वीज नव्हती, असं वॉचमननं सांगितलं. एप्रिल महिना, बाहेर ३९ अंश, पंप बंद आणि पाइप कोरडे. एक रोप कुंडीतून उपसून पाहिलं. आठवड्यापूर्वी पांढरीशुभ्र असलेली मुळं वाळत घातलेल्या शेवयांसारखी झाली होती, हात लावला की मोडत होती. स्टँड ज्याच्याकडून रेडीमेड घेतला, त्यानं पंपाच्या रंगापर्यंत सगळं सांगितलं होतं. वीज गेल्यावर काय करायचं, तेवढंच राहिलं होतं. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "मातीला पाय टेकले नाहीत की असंच व्हायचं."

त्या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. आज माझ्याकडे पाइपांना बहात्तरऐवजी चोवीस भोकं आहेत, एका भोकात एक रोप, आणि दिवाळीपासून होळीपर्यंत घरात पालेभाजी विकत आणावी लागत नाही. मधल्या काळात ज्या चुका केल्या त्या तुम्ही करू नयेत म्हणून हे लिहिते आहे. माझं घर पुण्यात, तिसऱ्या मजल्यावर आहे. मुंबई-ठाण्याची हवा वेगळी, त्यामुळे जिथे फरक पडतो तिथे तसं सांगेन.

हायड्रोपोनिक्स म्हणजे मातीऐवजी खतमिश्रित पाण्यात मुळं ठेवून झाड वाढवणं, आणि उभी शेती म्हणजे हीच रोपं एकावर एक मजले चढवून लावणं. बस, एवढंच. हे परदेशातून परवा आलेलं फॅड नाही. १९४६ मध्ये शोल्टो डग्लस यांनी दार्जिलिंगजवळ कालिम्पाँगला याचे प्रयोग सुरू केले होते, तेही स्वस्तात, वाळू-खडी आणि साध्या खतांवर.

१. खरेदीआधी ऊन आणि पाणी मोजा

सुट्टीच्या दिवशी बाल्कनीत ऊन किती वाजता येतं आणि किती वाजता जातं ते लिहून ठेवा. पालेभाजीला चार ते सहा तास थेट ऊन हवं. पूर्वेची बाल्कनी सगळ्यात चांगली, कारण सकाळचं ऊन मिळतं आणि दुपारचा चटका टळतो. पश्चिमेला मार्चपासून पन्नास टक्क्यांची हिरवी शेडनेट लावावीच लागते. उत्तरेला ऊन येतच नसेल तर एलईडी दिव्यांचा खर्च धरा: वीस वॅटच्या चार पट्ट्या रोज चौदा तास लावल्या तर महिन्याला सुमारे ३४ युनिट वीज जाते.

पाण्याकडे मात्र कुणी बघत नाही, आणि सगळा खेळ तिथेच आहे. दोनतीनशे रुपयांचं टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) घ्या आणि घरात येणारं प्रत्येक पाणी मोजा. आमच्याकडे नळाला येणारं महापालिकेचं पाणी ११० पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) भरलं, तर सोसायटीच्या बोअरचं ७४०. उन्हाळ्यात टाकीत दोन्ही एकत्र होतात, टँकर आला की आकडा आणखी वेगळा. पाणी २०० च्या आत असेल तर डोळे मिटून वापरा. ४०० च्या वर गेलं की त्यात आधीच इतका चुना आणि बायकार्बोनेट असतो की तुम्ही घातलेल्या खताला जागा उरत नाही आणि पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कली ते सांगणारा आकडा) रोज वर चढत राहतो. अशा वेळी आरओचं शुद्ध पाणी किंवा साठवलेलं पावसाचं पाणी निम्म्यानं मिसळा.

इथला नेहमीचा सापळा म्हणजे आरओमधून बाहेर टाकलं जाणारं पाणी. "वाया जातंय, झाडांना घालू" असं वाटतं. पण सगळे क्षार त्याच पाण्यात एकवटलेले असतात. त्यानं फरशी पुसा.

२. परवानगी आणि वजन

बाल्कनीच्या आत, कठड्याबाहेर काही न काढता स्टँड ठेवणार असाल तर सहसा कुणी आडवं येत नाही. गच्ची मात्र सगळ्यांची. तिथे तोंडी "हो हो, करा" वर जाऊ नका. कमिटी बदलली की तो होकारही बदलतो. कागद हवा. मला हे लागलं:

- सेक्रेटरींच्या नावे अर्ज, सोबत हाताने काढलेला आराखडा (लांबी-रुंदी आणि पाण्यासकट एकूण वजन लिहून)
- गच्चीच्या वॉटरप्रूफिंगच्या गॅरंटीची प्रत. खिळा ठोकला तर गॅरंटी जाते का ते त्यात वाचा
- गळती झाल्यास खर्च मी देईन असं लेखी हमीपत्र
- वीज कुठून घेणार त्याची नोंद, कॉमन मीटरवरून घ्यायची तर सबमीटर
- भाड्याने राहत असाल तर घरमालकाचं संमतीपत्र
- शेवटी कमिटीच्या ठरावाची प्रत, जी मागून घेतल्याशिवाय कुणी देत नाही

वजनाचं गणित सोपं आहे: एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. वापरातल्या सपाट गच्चीचं डिझाइन भारतीय मानकानुसार दर चौरस मीटरला साधारण १५० किलो वाढीव भार धरून होतं. दोनशे लिटरचा निळा ड्रम भरून ठेवलात तर तो दोनशे किलोंचा भार पाव चौरस मीटरच्या आसपासच्या जागेत उतरवतो. म्हणून मोठी टाकी गच्चीच्या मधोमध नको. स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारून खांबाजवळ किंवा तुळईवर ठेवा. मी पुढे जो स्टँड सांगणार आहे तो पाण्यासकट सत्तर किलोंच्या आत बसतो.

३. पहिला महिना फक्त डबा

पाइप, पंप, टायमर यातलं काहीही न घेता आधी एक महिना झाकणाच्या डब्यात दोन-चार रोपं वाढवा. हवाई विद्यापीठाच्या बर्नार्ड क्रॅट्की यांनी रूढ केलेली ही पद्धत विजेशिवाय चालते.

पाच लिटरचा रिकामा कॅन किंवा झाकणाची बादली घ्या. झाकणाला दोन इंची भोक पाडून त्यात जाळीची कुंडी (बाजारात नेट पॉट म्हणतात) बसवा. कुंडीचा तळ जेमतेम बुडेल इतकं खताचं पाणी भरा आणि रोप ठेवा. रोप पाणी पितं, पातळी खाली जाते, वर मोकळी राहिलेली मुळं हवा घेतात. एका लेट्यूसला आयुष्यभरात चार-पाच लिटर पाणी पुरतं, म्हणजे एकदा भरलं की काढणीपर्यंत बघायला नको. सवयीनं पुन्हा काठोकाठ भरू नका. हवेला सरावलेली मुळं बुडली की गुदमरतात. मी नेमकं हेच केलं होतं आणि वर "रोज पाणी घालूनही कसं मेलं" म्हणून हळहळले होते.

डब्याला बाहेरून काळा आणि त्यावर पांढरा रंग द्या, किंवा जुन्या चादरीत गुंडाळा. पाण्याला उजेड लागला की चार दिवसांत शेवाळ धरतं.

हा महिना वगळू नका. या काळात तुमचं पाणी कसं वागतं ते कळतं आणि मुख्य म्हणजे आपल्याला हे रोज बघायचा उत्साह आहे का तेही कळतं. नसेल तर नुकसान शंभर रुपयांचं.

४. सामान

चोवीस रोपांच्या स्टँडसाठी मला लागलेलं सामान:

- ११० मिलिमीटरचे (चार इंची) पीव्हीसी पाइप, दहा फुटी दोन नग; प्रत्येकाचे मधोमध दोन तुकडे
- एंड कॅप आठ, एल्बो आणि पाऊण इंची नळी जोडण्यापुरती
- लोखंडी अँगलचा किंवा स्लॉटेड रॅकचा सांगाडा
- दोन इंची जाळीच्या कुंड्या तीस (चार-पाच फुटतातच)
- ड्रिल मशीनला लावायचा ५० मिलिमीटरचा होल सॉ
- झाकणाची पन्नास लिटरची अपारदर्शक टाकी
- सबमर्सिबल पंप, तीन मीटर हेडचा
- टायमर सॉकेट
- पीएच मीटर किंवा थेंबांचं किट, आणि ईसी/टीडीएस मीटर
- कोकोपीट, भाजक्या मातीच्या गोळ्या, स्पंजचे तुकडे
- ग्रॅमचा दहावा भागही दाखवणारा वजनकाटा, स्वयंपाकघरातल्या काट्यापेक्षा वेगळा

पुण्यात पाइप आणि हार्डवेअर बोहरी आळीत, पंप-टायमर तपकीर गल्लीत. मुंबईकरांना विजेच्या वस्तूंसाठी लोहार चाळ, मत्स्यालयाच्या पंपासाठी क्रॉफर्ड मार्केट. जाळीच्या कुंड्या दुकानात क्वचित मिळतात, त्या ऑनलाइन मागवा. सांगाडा वेल्डरकडून करून घेतला तर सगळं मिळून सातेक हजारांत बसलं. तो पहिला "स्मार्ट" रेडीमेड स्टँड मला याच्या तिप्पट पडला होता.

पंपाबद्दल एक सूचना. खोक्यावर "हेड २ मीटर" लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ दोन मीटरवर धार जवळजवळ शून्य होते. तुमचा वरचा पाइप साडेपाच फुटांवर असेल तर दोन मीटरचा पंप थेंब थेंब रडतो. म्हणून तीन मीटरचा.

५. स्टँड उभा करणं

पाच फुटी चार पाइप, एकाखाली एक, दोन पाइपांत सव्वा फूट अंतर. प्रत्येक पाइपला आठ-आठ इंचांवर सहा भोकं. भोकं पाडण्याआधी पाइपवर दोरी ताणून सरळ रेघ मारा. मी नजरेनं मारली, तर रोपं बसमधल्या झोपलेल्या प्रवाशांसारखी एकेक एकीकडे कललेली.

पाणी टाकीतून पंपाने सगळ्यात वरच्या पाइपात, तिथून एका टोकाने खालच्या पाइपात, असं नागमोडी उतरत परत टाकीत. पुस्तकी पद्धतीत पाइपाला तीस-चाळीस इंचांत एक इंच उतार देतात आणि तळाशी पाण्याचा पातळ पापुद्राच वाहता ठेवतात. इंग्लंडमध्ये १९६० च्या दशकात ॲलन कूपर यांनी ही रीत बसवली. तिथल्या थंड हवेत, अखंड विजेवर ती सुरेख चालते. आपल्याकडे पंप थांबला की त्या पापुद्र्याचं काय होतं ते मी बहात्तर रोपांवर पाहिलं आहे.

म्हणून पाइप समतळ ठेवा आणि बाहेर पडायचं भोक तळाशी न पाडता तळापासून एक इंच वर पाडा. पंप बंद पडला तरी प्रत्येक पाइपात इंचभर पाणी तुंबून राहतं. माझ्या मापाच्या चार पाइपांत मिळून नऊ-दहा लिटर होतं. वीज पाच-सहा तास गेली तरी रोपं तग धरतात. या एका इंचानं माझी शेती वाचवली, म्हणून हे वाक्य दोनदा वाचा. शिवाय त्यामुळे पंप चोवीस तास चालवावा लागत नाही. मी दिवसा पंधरा मिनिटं चालू, पंधरा बंद ठेवते, रात्री तासाला एकदा.

रोपं लावण्याआधी दोन दिवस साधं पाणी फिरवा आणि गळती शोधा. जोडावर सोल्युशन लावून दोन तासांत पाणी सोडायची घाई केलीत तर खालच्या मजल्यावरच्यांशी ओळख वाढेल.

६. बी आणि रोप

कोकोपीट तीनदा पाण्यात पिळून धुवा, त्यात मीठ असतं. धुतल्याच्या पाण्याला पहिल्यांदा मीटर लावून बघा, विश्वास बसेल. स्पंजच्या तुकड्याला चीर देऊन त्यात एक-एक बी ठेवलं तरी चालतं.

लेट्यूसचं बी तीस अंशांच्या वर रुसतं, उगवतच नाही. सप्टेंबरच्या उकाड्यात पेरायचं असेल तर ओल्या टिश्यूत गुंडाळून दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवा, मग घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात, आमच्याकडे माठाशेजारी. कोंब दिसला की त्याच दिवशी उजेडात. एक दिवस उशीर झाला तरी रोप दोऱ्यासारखं लांबडं होऊन आडवं पडतं, आणि असं रोप पुढे कधी सावरत नाही. दोन खरी पानं आली की निम्म्या ताकदीचं खत द्या. तीन-चार पानं, म्हणजे पंधरा ते वीस दिवसांत, कुंडीत. मुळाचं टोक पाण्याला टेकतंय ना, ते पहिले चार दिवस वाकून बघा.

७. खत: इथे घाई नको

सुरुवातीला तयार ए आणि बी द्रावणाच्या बाटल्या घ्या. महाग पडतात, पण आधीच दहा गोष्टी नव्या असतात. तीन-चार महिन्यांनी स्वतः बनवायला हरकत नाही. आपलं भाग्य असं, की नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदारांमुळे विरघळणारी खतं महाराष्ट्रातल्या बहुतेक कृषी सेवा केंद्रांत किलोच्या पाकिटात मिळतात. दुकानदाराला "तेरा शून्य पंचेचाळीस" आणि "शून्य बावन्न चौतीस" म्हटलं की पुढचं विचारावं लागत नाही (आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद आणि पालाशाच्या टक्क्यांचे).

माझ्या पूर्ण यंत्रणेत, म्हणजे टाकी आणि पाइप मिळून, पन्नास लिटर पाणी असतं. पालेभाजीसाठी त्याला:

ए: कॅल्शियम नायट्रेट ३० ग्रॅम, चिलेटेड (पाण्यात विरघळून राहील असं बांधलेलं) लोह, १२ टक्क्यांचं, पाऊण ग्रॅम.
बी: १३:०:४५ १५ ग्रॅम, ०:५२:३४ ७ ते ८ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट १५ ग्रॅम, आणि चिलेटेड सूक्ष्म अन्नद्रव्यं पाकिटावरच्या मापाने.

ए एका जगात आणि बी दुसऱ्या जगात वेगवेगळं विरघळवा. ए टाकीत ओता, ढवळा, पाच मिनिटं थांबा, मग बी. हे सोवळं का पाळायचं ते एकदा मुद्दाम काचेच्या ग्लासात दोन्ही घट्ट द्रावणं एकत्र करून बघा. पाणी ताकासारखं पांढरं होतं आणि तळाशी चुन्यासारखा साका बसतो. कॅल्शियम आणि सल्फेट एकत्र येऊन जिप्सम तयार होतं. ते मुळांना मिळत नाही आणि पंपाची जाळी मात्र चोंदते. टाकीभर पाण्यात दोन्ही पातळ होतात, म्हणून तिथे हा प्रश्न येत नाही.

कुंड्यांसाठी आणलेलं १९:१९:१९ इथे घालू नका. त्यातला निम्म्याहून जास्त नत्र युरियाच्या रूपात असतो. मातीतले जिवाणू तो फोडून झाडाला देतात, पाइपात ते काम करायला पुरेसे जिवाणू नसतात. शेणखताचं पाणी, गांडूळपाणी, जीवामृत हेही नको. मी श्रद्धेनं घातलं होतं. तिसऱ्या दिवशी बाल्कनीचं दार उघडवेना.

खतं हवाबंद बरणीत, नाव लिहून, मुलांच्या हाताबाहेर ठेवा. कॅल्शियम नायट्रेट पावसाळ्यात हवेतली ओल ओढून गुळासारखं चिकट होतं. तेरा-शून्य-पंचेचाळीस आगीला जोर देणारं आहे, गॅसजवळच्या फळीवर नको.

आता ईसी, म्हणजे पाण्याची विद्युतवाहकता. पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं ते माप, एकक मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर. लेट्यूसला ०.८ ते १.२, पालकाला १.८ ते २.३, पुदिन्याला दोनच्या पुढे. वरच्या मापानं माझ्याकडे १.४ च्या आसपास येतो आणि मिश्र लागवडीला तो चालतो. फक्त लेट्यूस असेल तर पाव हिस्सा कमी घाला. गोंधळ पीपीएममुळे होतो. पीपीएम दाखवायला काही मीटर ईसीला ५०० ने गुणतात, काही ७०० ने. ईसी १.२ हा एका मीटरवर ६०० दिसतो आणि दुसऱ्यावर ८४०. ओळखीतला कुणी "मी आठशेवर ठेवतो" म्हणाला तर त्याचं मीटर कोणतं ते विचारा, नाहीतर सरळ ईसीतच बोला.

पीएच ५.५ ते ६.५ मध्ये हवा. त्याच्या वर गेला की लोह पाण्यात असूनही रोपाला घेता येत नाही, आणि कोवळी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. लोक लोह आणखी घालतात, खरं तर पीएच उतरवायचा असतो. उतरवायला पातळ फॉस्फोरिक आम्ल, थेंबाथेंबानं. आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात नाही, आणि हातमोजे-चष्मा लावून. लिंबू पिळण्याचा सल्ला ऐकाल. पीएच उतरतो, पण सूक्ष्मजीव ते आम्ल खाऊन टाकतात आणि दुसऱ्या दिवशी आकडा होता तिथे. पीएच पेनचं टोक कोरडं पडू देऊ नका आणि महिन्यातून एकदा ४ आणि ७ च्या बफरमध्ये (ठरलेल्या पीएचच्या द्रावणात) तपासा. माझं पहिलं पेन महिनाभर कोरडं राहिलं आणि मग कशातही बुडवलं तरी ७.३ सांगत राहिलं, अगदी लिंबाच्या सरबतातसुद्धा.

८. रोजची दोन मिनिटं

सकाळी चहा होईपर्यंत टाकीची पातळी बघा आणि ईसी मोजा. पाणी उतरलंय आणि ईसी चढलाय, तर रोपं खतापेक्षा पाणी जास्त पितायत: साधं पाणी घाला. उन्हाळ्यात हेच चालतं. ईसी उतरलाय तर ती खात आहेत: ए आणि बी सारख्या प्रमाणात थोडं घाला. दोन ते तीन आठवड्यांनी सगळं पाणी बदला, कारण कोणता क्षार संपला आणि कोणता साठला हे मीटर सांगत नाही. जुनं पाणी गटारात न ओतता मातीतल्या कुंड्यांना द्या. आमचा मोगरा त्यावरच माजला आहे.

पाण्याचं तापमान या सगळ्याइतकंच महत्त्वाचं. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तीस अंशांवर साडेसात. त्यात गरम पाण्यात मुळं कुजवणारी पिथियम बुरशी फोफावते. मुळं तपकिरी, बुळबुळीत झाली आणि डबक्यासारखा वास आला की ते रोप उपटा, पाणी बदला आणि टाकी घासा. टाकी सावलीत ठेवून तिच्याभोवती ओलं गोणपाट गुंडाळलं तर पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात चांगला फरक पडतो. मुंबईच्या दमट हवेत गोणपाट वाळतच नाही, मग गारवा कुठला? तिथे बर्फाच्या बाटल्या सोडाव्या लागतात.

९. किडी आणि कबुतरं

मावा आणि पांढरी माशी पानांच्या मागे बसतात, म्हणून पानं उलटून बघा. पिवळे चिकट सापळे टांगा. लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थेंबभर साबण घालून संध्याकाळी फवारा, भर उन्हात फवारलं तर पानं भाजतात. फवारल्यावर दोन-तीन दिवस काढणी नको. पानांवर पांढऱ्या नागमोडी रेघा दिसल्या तर नागअळी, ती पानं खुडून टाका.

शहरातली खरी कीड म्हणजे कबुतरं. एका दुपारी दोन कबुतरांनी पाक चॉय या चिनी पालेभाजीचे सहा गड्डे शेंड्यासकट खुडले. जाळी आधी, रोपं नंतर.

टाकीला झाकण आणि रिकाम्या भोकांना बूच हवंच. पावसाळ्यात महापालिकेचे कर्मचारी डासांच्या अळ्या बघायला घरोघरी येतात, तेव्हा "हे हायड्रोपोनिक्स आहे" सांगून सुटका होत नाही.

१०. कधी काय लावायचं

ऑक्टोबर अखेर ते फेब्रुवारी: लेट्यूस, पालक, पाक चॉय, सेलरी. लेट्यूस लावणीनंतर पस्तीस-चाळीस दिवसांत तयार होतं. सगळा गड्डा न कापता बाहेरची पानं खुडत राहिलात तर महिनाभर पुरतं. मार्च लागला की त्याला तुरा येतो आणि पानं कडू होतात, तेव्हा हट्ट सोडा.

मार्च ते जून: मायाळू, लाल माठ, बेसिल, पुदिना आणि नाळीची भाजी. नाळी तर मुळातच पाण्यातली, तिला उकाडा सोसतो. मुंबई-कोकणपट्टीच्या लोकांनी सुरुवातच तिच्यापासून करावी. मायाळू वेल आहे, सगळ्यात वरच्या पाइपात लावून कठड्यावर सोडा. सासूबाईंनी आपणहून खाल्लेली या स्टँडवरची पहिली भाजी म्हणजे त्याची भजी.

पावसाळ्यात ढगामुळे उजेड कमी, पुदिना आणि बेसिलवर भागवा. मेथी-कोथिंबीर पाइपात परवडत नाही, एकेक भोक अडवून एक मूठ देते. मुळा, गाजर, कांदा यांच्या नादी लागू नका.

११. विकायचं डोक्यात असेल तर

आधी एक हिशेब. न्यू जर्सीतली एरोफार्म्स ही बंद इमारतीत दिव्यांवर भाजी पिकवणारी मोठी कंपनी २०२३ मध्ये दिवाळखोरीच्या कायद्याखाली गेली, न्यूयॉर्कची बोवरी २०२४ मध्ये बंद झाली. अशा शेतीत सूर्याचं काम विजेकडून करून घ्यावं लागतं आणि त्याचं बिल पालेभाजीच्या भावातून निघणं फार अवघड. आपल्याकडे ऊन आहे, त्याचा फायदा घ्या आणि गच्चीवर शेडनेटखाली करा.

चोवीस भोकांतून पैसे सुटत नाहीत. शंभरेक झाल्यावर आधी गिऱ्हाईक ठरवा, मग पेरा. अख्खा गड्डा शेजाऱ्यांना देणं वेगळं, पण धुऊन-चिरून डब्यात सॅलड म्हणून विकायला लागलात की अन्न सुरक्षा आणि मानके कायद्याखाली (एफएसएसएआयकडे) नोंदणी घ्या. फोटो, ओळखपत्र आणि जागेचा पुरावा तयार ठेवा. "ऑरगॅनिक" असं लेबल लावू नका. आपण कॅल्शियम नायट्रेट घालतो, ते कारखान्यात बनतं. "मातीविना, आज सकाळी खुडलेली" एवढं खरं लिहिलं तरी भाजी जाते.

आणि कुणी "लाखो गुंतवा, माल आम्हीच विकत घेऊ, अनुदानही मिळवून देतो" म्हणाला तर त्याची स्वतःची दोन वर्षं चाललेली शेती बघायला मागा. दाखवत नसेल तर चहा पिऊन निघा.

१२. गावाला जाताना

दोन दिवसांसाठी: टाकी काठोकाठ, साध्या पाण्याने. मोठी पानं आदल्या दिवशी खुडा, म्हणजे रोप कमी पाणी ओढतं. पंप इन्व्हर्टरच्या सॉकेटवर लावा.

त्याहून जास्त दिवस असतील तर किल्ली शेजारी. आमच्या शेजारच्या काकूंना ईसी-पीएच सांगायच्या भानगडीत मी पडत नाही. टाकीच्या झाकणावर कागद चिकटवते: "१. पाणी लाल रेघेच्या खाली गेलं तर बादलीतलं साधं पाणी रेघेपर्यंत घाला. २. पाण्याचा आवाज येत नसेल तर बटण बघा, तरी येत नसेल तर वरच्या पाइपात दोन तांबे पाणी ओता. ३. बाकी कशालाही हात लावू नका." तिसरी ओळ मागच्या दिवाळीनंतर वाढवली. काकूंनी प्रेमानं प्रत्येक कुंडीत चमचाभर शेणखत घातलं होतं.

त्यांना बदल्यात पुदिना लागतो. तो निघायच्या दिवशी सकाळी खुडून, किल्लीसोबत द्यायचा.